माकोमला मराठीत काय म्हणायचं

बाबा, आई गेली तो हिवाळा मला लख्ख आठवतो असं मी लोकांना सांगते, पण खरं तर त्यातले थोडेच दिवस माझ्याजवळ उरले आहेत. दफनाचा दिवस तर जवळजवळ नाहीच. धुकं होतं, आणि दिल्लीच्या मधोमध असलेल्या आपल्या त्या छोट्या दफनभूमीच्या भिंतीपलीकडून बसचे हॉर्न ऐकू येत होते, एवढंच. जो दिवस पुरेपूर आठवतो तो त्यानंतरचा आहे. आपण दोघं दिवाणखान्यात सतरंजीवर बसलोय, सुतकात आरसा झाकायचा म्हणून त्यावर आईचीच एक सुती साडी टाकलेली आहे, आणि माणसं येतायत. गुडगावच्या त्या नव्या सोसायटीत येऊन आपल्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. फरीदाबादचं कंपनीचं क्वार्टर सोडलं, कारण तुमच्या कंपनीनं मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सचा नवा कारखाना काढला आणि तिथली टूलरूम, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा विभाग, उभी करायला तुम्हाला नेलं. आईनं तो फ्लॅट निवडला तो स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी. खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं, आणि शेताच्या पुढे दुसऱ्या टॉवरचे नुसते खांब. "हे शेत असं किती दिवस राहणार?" तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, "राहील तेवढे दिवस बघीन." शेत तिच्यापेक्षा जास्त टिकलं.

शेजाऱ्यांना आपण कोण ते अजून नीट कळलं नव्हतं. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "मराठी हैं, और यहूदी हैं," आणि समोरच्याचा चेहरा बघून पुढे म्हणायचात, "दोनों एक साथ." खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी आपली चूल पेटलेली नाही हे बघून डबा आणला होता. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मीट नहीं है जी, अंडा नहीं है, प्याज-लहसुन भी नहीं डाला." आपला नियम कोणता ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून बिचारीनं सगळ्यांचेच नियम पाळले होते. त्या दिवसात तुम्ही एकदाच हसलात, ते तेव्हा.

दुपारी दिल्लीहून आपली माणसं आली. असतीलच किती ती! त्यात प्रार्थना चालवणारे एक आजोबा होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे अलिबागकडचे, थंडीत कानटोपीवरच आपली प्रार्थनेची टोपी घालणारे. निघताना एकेक जण आपल्यासमोर उभा राहिला आणि तेच एक हिब्रू वाक्य म्हणाला. हामाकोम येनाहेम, असं काहीसं सुरू होणारं. शेवटी आजोबा आले, त्यांनीही तेच म्हटलं, आणि मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "आजोबा, हे काय म्हणताय तुम्ही सगळे?"

"देव तुमचं सांत्वन करो, असं आहे ते बाळा."

"पण यात देव कुठे आहे?" तुम्ही मला अक्षरं शिकवली होती. देवाची जी नावं प्रार्थनेत यायची ती मला ऐकून माहीत होती, आणि या वाक्यात त्यातलं एकही नव्हतं.

आजोबा थांबले. "बरोबर. माकोम म्हणजे जागा. 'ती जागा तुमचं सांत्वन करो.' देवाचंच एक नाव आहे ते, जुनं."

"जागा?" माझा आवाज वर गेला. "कुठली जागा? सगळे कालपासून जागेचंच बोलतायत. आंटी म्हणतात, बहुत अच्छी जगह गई है. काका इस्रायलहून फोनवर म्हणतो, आपली जागा इकडे आहे, निघून या. आणि आईला तर आम्ही काल जागा देऊन आलो, ओल्या मातीत. जागा कशी काय सांत्वन करणार कुणाचं?"

"पुरे," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण मी गप्प झाले. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले.

सगळे गेल्यावर तुम्ही सतरंजीवरच माझ्याकडे वळून बसलात. मला वाटलं आता रागावणार. तुम्ही म्हणालात, "तुझा प्रश्न चुकीचा नव्हता. वेळही चुकीची नव्हती. आवाज चुकीचा होता. म्हातारा माणूस दोन बस बदलून आला होता." मग, "आणि मला उत्तर माहीत नाही. लहानपणापासून हे वाचतोय, आणि माहीत नाही. विचारून सांगतो."

मी अकरावीत होते. माझ्या वर्गातल्या कुणाच्या वडिलांनी "मला माहीत नाही" असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तुम्ही ते अगदी कारखान्यातल्यासारखं म्हणालात, एखादं मशीन का अडतंय ते खोलून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, तसं. आता कळतं की तुमच्यासाठी ते तितकं सोपं नसणार. आपल्या घरात हिब्रू वाचता येणं हीच मोठी गोष्ट होती. तुमच्या आजीला तर अक्षरही येत नव्हतं. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचा, खवलं नसलेला मासा घरात आणायचा नाही, आणि उपासाच्या मोठ्या दिवशी दार लावून बसायचं, एवढ्या शिदोरीवर कोकणात आपल्या किती पिढ्या निभावल्या. प्रार्थनेच्या जागेला ती मशीद म्हणायची, आणि लहानपणी मी दिल्लीत तोच शब्द वापरला की लोक गोंधळायचे. वडिलांनी तुम्हाला वाचायला शिकवलं, अर्थ त्यांनाही येत नव्हता. तुम्ही तो सूर तसाच पुढे नेलात, आणि कधी कुणी थांबवून विचारलं नाही.

पुढच्या रविवारपासून तुम्ही आजोबांकडे शिकायला जायला लागलात, आणि मी घरात एकटी राहू नये म्हणून मलाही नेऊ लागलात. हरियाणा रोडवेजची बस, धौला कुआँला उतरून दुसरी बस, मग थोडं चालणं. आजोबांच्या खोलीत हीटरजवळ तीन खुर्च्या. ते चहा करायचे, तोही गूळ घालून, आणि तुम्ही शाळेतल्या मुलासारखे पुस्तकावर बोट ठेवून बसायचात. तुमच्या बोटांच्या पेरांत ग्रीस गेलेलं असायचं, ते कधी निघायचंच नाही, आणि पानाला डाग लागू नये म्हणून तुम्ही बोट कागदाच्या किंचित वर धरायचात.

आजोबांनी सुरुवात केली ती धर्मग्रंथातल्या त्या पळून निघालेल्या मुलाच्या गोष्टीपासून. भावाशी कपट करून घर सोडलेला, रस्त्यात सूर्य मावळला म्हणून दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपलेला. "इथे बघ," आजोबा म्हणाले, "एकाच वाक्यात तो शब्द पुन्हा पुन्हा आलाय. माकोम, माकोम. पण कुठली जागा ते सांगितलेलंच नाही. गावाचं नाव नंतर येतं. आधी नुसती जागा. आणि क्रियापद बघ. तो तिथे पोहोचला असं नाही म्हटलेलं. तो त्या जागेला धडकला."

"धडकला?" तुम्ही विचारलंत.

"अंधारात माणूस भिंतीला धडकतो ना, तसा. शोधत नव्हता तो काही. मग त्याला स्वप्न पडतं, आणि सकाळी जागा झाल्यावर तो म्हणतो, अरे, देव याच जागी होता आणि मला पत्ताच नव्हता."

तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "म्हणजे जागा झाला तेव्हा त्याला जागा कळली."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हे फक्त मराठीतच जमतं हो! हिब्रूत नाही हे." मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं की पूर्वीच्या विद्वानांनाही तुझ्या पोरीसारखाच प्रश्न पडला होता, देवाला जागा का म्हणायचं. त्यांनी उत्तर असं दिलं, की तो जगाची जागा आहे, पण जग ही त्याची जागा नाही.

मला त्यातलं काही कळलं नाही. पण तुमचा चेहरा एकदम कामावर असल्यासारखा झाला. "फिक्स्चर," तुम्ही म्हणालात. आजोबांना कळेना. तुम्ही चहाचा कप मुठीत घट्ट धरून दाखवलात. "मशीनवर पार्ट कापताना त्याला घट्ट धरून ठेवायला एक साचा असतो. पार्ट फिक्स्चरमध्ये बसतो. फिक्स्चर पार्टमध्ये बसत नाही. आणि फिक्स्चर नसलं तर कितीही चांगलं मशीन असू दे, पार्ट हलणार, काम बिघडणार."

"असेल," आजोबा जपून म्हणाले. "मात्र लोकांचं सांत्वन करताना फिक्स्चर म्हणू नकोस."

बसमधून परत येताना मला माहीत होतं की तुमचं समाधान झालेलं नाही. शब्द कळला होता, पण मला सांगण्यासारखं उत्तर अजून मिळालं नव्हतं. ते मिळालं स्वयंपाकघरात, काही महिन्यांनी. आई गेल्यावर तुम्ही स्वयंपाक शिकत होतात आणि मी तुम्हाला शिकवत होते, म्हणजे दोघांनाही येत नव्हता. त्या दिवशी तुम्ही आयएनए मार्केटमधून नारळ आणला होता. नारळाच्या दुधातली मासळी करायची होती, आई शुक्रवारी करायची तशी. तुम्ही विळीच्या खवणीवर नारळ खवताय, अर्धा खोबऱ्याचा कीस जमिनीवर, आणि कोकणातलं काहीतरी सांगताय. वारा सुटला की होड्या कशा खाडीत शिरतात, आणि तुमची आई दारातल्या ओट्यावर उभी राहून कशी मोजत असते, अमक्याची आली, तमक्याची आली. आणि तुम्ही मध्येच थांबलात, हातात नारळाची वाटी.

"थारा," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"माकोम. जागा नाही, ठिकाण नाही. थारा. तो थारा तुमचं सांत्वन करो."

"बाबा, थारा म्हणजे?"

तुमचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. इतके महिने हिब्रू शब्दासाठी दिल्लीला खेपा घातल्यात, शेवटी मराठी शब्द हाताला लागला, आणि तुमच्या मुलीला मराठीच कळेना. आधी तुम्हाला वाईट वाटलं, मग हसू आलं. "ठिकाना," तुम्ही हिंदीत म्हणालात. मग मान हलवलीत. "नाही, नुसता ठिकाना नाही. थोडी पनाह पण. वाऱ्यात होडीला खाडीत थारा मिळतो. कुणी विचारत नाही तू कोणाची, किती दिवस राहणार. आत घेतात. आपली माणसं कोकणात आली ती बोट फुटून आली असं सांगतात ना? त्यांना किनाऱ्यानं थारा दिला. 'त्याला कुठे थारा नाही' असं म्हणतात ऐकलं नाहीस कधी?"

"नाही."

"दिल्लीनं पार वाट लावली तुझ्या मराठीची," तुम्ही म्हणालात आणि परत खवायला लागलात. मासळी त्या दिवशी आळणी झाली होती. मीठ घालायचं दोघंही विसरलो. पण मी जेवले. आई गेल्यापासून नीट जेवले ते त्या दिवशी.

पुढच्या रविवारी तुम्ही आजोबांना तो शब्द सांगितलात. ते म्हणाले, "कोशात असा अर्थ नाही." तुम्ही विचारलंत, "पण चालेल का?" ते म्हणाले, "मला लहानपणी कुणी असं सांगितलं असतं तर मी लवकर शिकलो असतो."

उन्हाळ्यात काका आला. तुमचा धाकटा भाऊ, लग्नानंतर लगेच इस्रायलला गेलेला, आता तिथल्या दक्षिणेकडच्या शहरात स्थिरावलेला. त्यानं खजूर आणले होते आणि माझ्यासाठी निळा स्कर्ट. तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मी तुला न्यायला आलोय. वहिनी होती तोवर मी बोललो नाही. आता इथं कोण आहे तुझं? तिथं शनिवारी बससुद्धा बंद असते. प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं जमवायला फोन फिरवावे लागत नाहीत. हिला कुणी विचारणार नाही की तुम्ही नक्की कोण. आणि उद्या तुला काही झालं तर? हिनं दहा माणसं कुठून आणायची?"

शेवटचा प्रश्न तुम्हाला लागला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तांदूळ धुवत होते. "हिची बारावी होऊ दे," तुम्ही म्हणालात. "मग निघू." काकानं तुम्हाला मिठी मारली. त्या आठवड्यात कागद भरले, आणि सोसायटीत सगळ्यांना कळलं की आपण जाणार.

आणि त्यानंतर ते दादा खेड्याचं प्रकरण झालं. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडची भिंत जिथे अर्धवट सोडलेली होती, तिथे चुन्यानं रंगवलेलं गुडघ्याएवढं घुमटासारखं काहीतरी होतं. त्याला दिव्यासाठी एक कोनाडा. रविवारी गावातल्या बायका भिंतीच्या फटीतून येऊन तिथे दिवा लावायच्या. गाव म्हणजे ज्याची शेतं विकली जाऊन आपली सोसायटी उभी राहिली होती ते. त्या गावातले एक म्हातारे, सगळे त्यांना ताऊ म्हणायचे, संध्याकाळी तिथेच खाटेवर बसलेले असायचे. आपण एकदा दिल्लीहून परत येत होतो, तुमच्या हातात नारळांची पिशवी होती, आणि तुम्ही थांबून विचारलंत, "ताऊजी, ये किसका मंदिर है?"

"किसे का ना सै. दादा खेडा सै."

"अंदर मूर्ती किसकी है?"

"मूर्ती कोन्या, बाबूजी. जगह सै." ताऊंनी हुक्क्याची नळी बाजूला केली. त्यांच्या हरियाणवीतून मला कळलं ते असं, की त्यांचे पूर्वज जेव्हा आले तेव्हा पहिल्यांदा इथेच बसले, इथूनच गाव वसलं, म्हणून गाव या जागेलाच पूजतं. कोणी देव नाही, कोणी बाबा नाही. नुसती जागा.

लिफ्टमध्ये शिरल्यावर तुम्ही म्हणालात, "ऐकलंस?"

"हो."

"आपल्याला तिथे हात जोडायचे नाहीत." लिफ्ट वर जात होती. "पण ऐकलंस ना?"

पावसाळा संपता संपता सोसायटीची मीटिंग झाली, खाली गाड्या लावायच्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. वीज सतत जायची, मोठा जनरेटर घ्यायचं ठरलं होतं, आणि त्याच्यासाठी सेक्रेटरींनी तोच कोपरा सुचवला. तो चबुतरा हटवायचा आणि भिंत पूर्ण करायची. "पढ़े-लिखे लोगों की सोसायटी है," ते म्हणाले, "रोज बाहर की औरतें अंदर आती हैं, सिक्युरिटी का भी सवाल है." माना हलल्या. मी आंटींच्या शेजारी बसले होते. तुम्ही उभे राहिलात. तुम्हाला चारचौघांत बोलायला आवडत नसे, आणि बोलताना तुमची हिंदी जास्तच मराठी व्हायची.

"वो लोग पहले से हैं," तुम्ही म्हणालात. "हम बाद में आए. जनरेटर दूसरी तरफ भी लग सकता है."

मागून कुणीतरी म्हणालं, "भाईसाहब, आप तो वैसे भी इस्रायल जा रहे हो. आपको क्या फर्क पड़ता है?" लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण हसले.

तुम्ही वळून त्या माणसाकडे बघितलंत. तुमचे कान लाल झाले होते. "हमारे पुरखे," तुम्ही म्हणालात, "नाव फुटके कोंकण के किनारे पे आए थे. उनसे किसी ने पूछा नहीं कि कितने दिन रहोगे. जगह दी. इसलिए मैं आपके सामने खड़ा हूँ. तो किसी की जगह हटाने के लिए मैं हाथ नहीं उठाऊँगा. जब तक यहाँ हूँ, यहीं का हूँ. कल सुबह जाना हो, तो भी."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये बघू. आंटींनी माझा हात दाबला, तेवढंच. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मोठा कागद अंथरलेला होता आणि तुम्ही त्यावर सोसायटीचा मागचा भाग काढत होतात, जनरेटर कुठे, धूर कुठून बाहेर, आवाज कुणाच्या खिडकीला लागणार नाही. आणि त्या कोपऱ्यात भिंतीला एक छोटं दार, जे रविवारी उघडेल. ते ड्रॉइंग घेऊन तुम्ही घरोघरी गेलात, त्या मागून बोललेल्या माणसाच्या घरीसुद्धा. सेक्रेटरींना शेवटी पटलं ते ड्रॉइंग, दादा खेडा नव्हे. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. दार झालं. त्या दिवाळीनंतर, आईला जाऊन वर्ष झालं म्हणून, आपण तिच्या नावानं प्रार्थनेसाठी माणसं बोलावली तेव्हा ताऊ पागोटं घालून आले, शेवटपर्यंत बसले, एक अक्षर कळत नसताना. जाताना त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि "ठीक सै," एवढंच म्हणाले.

माझी बारावी झाली. कागदही मंजूर होऊन आले. तुम्ही बाल्कनीत खुर्ची टाकून बसला होतात, मोहरीच्या शेतात तोवर पाया खणायला सुरुवात झाली होती, आणि तुम्ही विचारलंत, "जायचं ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मलाही," तुम्ही म्हणालात. "मग थोडं थांबू."

ते थोडं कधी संपलं नाही. काका चिडला, वर्षभर फोनवर तुटक बोलत राहिला. मी नोकरीला लागल्यावर एकदा तुम्हाला विचारलं होतं की आपण का थांबलो, तर तुम्ही म्हणालात, "टूलरूम अजून नीट लागली नव्हती." मला वाटतं ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्या मीटिंगमध्ये घडलं असावं. माणूस चारचौघांत एक वाक्य बोलून जातो आणि मग त्याला त्या वाक्यासारखं राहावं लागतं.

तुम्ही गेलात तेव्हा काकाला भीती होती तसं झालं नाही. दहा माणसं जमली. दिल्लीतली आपली, इस्रायली दूतावासातले दोघं, प्रवासी म्हणून आलेला एक तरुण. जमवायला फोन फिरवावे लागले हे खरं. आजोबा तोवर राहिले नव्हते. काका विमानानं आला आणि माझ्याबरोबर त्याच दिवाणखान्यात सतरंजीवर बसला. तो तुमचा भाऊ, म्हणजे तोही सुतकात. लोक येऊन ते वाक्य म्हणत होते, आणि माझ्यावर त्याचा काही परिणाम होत नव्हता, इतकं ते ओळखीचं झालं होतं. काका ताठ बसून होता. त्याचं हिब्रू आता झरझर चालायचं, मराठी मात्र गेला तेव्हाची तशीच राहिली होती, जुन्या पेटीतल्या कपड्यांसारखी. निघायच्या दिवशी तो बॅग बंद करत होता आणि मला वाटलं की याला कुणी त्याच्या भाषेत काही म्हटलेलंच नाही. मी म्हटलं, "काका, तो थारा तुझं सांत्वन करो."

त्याचा हात चेनवरच थांबला. "काय म्हणालीस?"

मी परत म्हटलं. तुम्ही स्वयंपाकघरात काय सांगितलं होतंत ते सांगितलं.

"आई म्हणायची," तो म्हणाला. "होडी खाडीत शिरली की म्हणायची, लागली बाई थाऱ्याला." आणि मग तो बॅगेवर वाकून रडला, "दादा, दादा" असं म्हणत, लहान मुलासारखा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला तेव्हाच समजलं, बाबा, की तुम्ही मला नुसता शब्दाचा अर्थ दिला नव्हतात. दुसऱ्या कुणालातरी देता येईल असं काहीतरी दिलं होतंत. त्यासाठी तुम्ही किती रविवार त्या बसमध्ये घालवलेत! मला अजूनही वाटतं की इतर मुलींना त्यांच्या वडिलांनी दागिने दिले, जमीन दिली, पण असं कुणी दिलं नसेल.

टॅक्सी यायची होती तेवढ्यात काकानं विचारलं, "खरं सांग, तुला तेव्हा यायचं होतं का गं?" मी म्हटलं, आता नीट आठवत नाही. तो म्हणाला, बरोबर आहे, लहान होतीस.

मला आठवतं. मला जायचं होतं, बाबा. खूप. काकाचा निळा स्कर्ट मी बाजूला काढून ठेवला होता, तिकडे गेल्यावर घालायला. जिथे आईला कुणी ओळखत नाही अशा गावात मला राहायचं होतं, म्हणजे मग स्वयंपाकघरात पाऊल टाकताना रोज तिची चाहूल घ्यायला नको. तुमचं मन इथून हलत नाही हे दिसत होतं म्हणून मी "माहीत नाही" म्हटलं, आणि तुम्ही "थोडं थांबू" म्हणालात तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले होते. काकाला हे लिहून कळवावं असं मध्यंतरी मनात आलं, पण हे त्याचं नाही. तुमचं आहे, आणि तुम्हालाही ते कळवायचं राहून गेलं. बरं झालं तुम्ही मला पुन्हा विचारलं नाहीत. मी हो म्हटलं असतं, आणि तुम्ही माझ्यासाठी निघाला असतात. आता याच घरात माझे केस पिकायला लागले आहेत, आणि इथून कुठेही जायचं माझ्या मनात येत नाही. याबद्दल तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही होतात तोवर मला ते सुचलंच नाही.